डब्यात आधी काय होते?

टाकाऊतून टिकाऊ करण्याची हौस मराठी घरांत जुनीच आहे, पण मुंबईच्या उपनगरांत ती आता दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात शिरली आहे. अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या सोसायट्यांत खिडकीच्या ग्रिलमध्ये रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पालक वाढताना दिसतो, पीव्हीसी पाइपला भोके पाडून पुदिन्याचे मजले उभे राहतात, हॉटेलच्या पार्सलचे डबे धुऊन मुलांच्या टिफिनला लागतात. बाहेरचे कमी खावे, घरचे ताजे खावे आणि कचराही कमी करावा, असे तीन चांगले हेतू त्यात एकत्र येतात आणि ते मला मनापासून पटतात. म्हणूनच या हौसेला एक अट घालावीशी वाटते. ज्या वस्तूचा अन्नाशी संबंध येणार, तिच्यात आधी काय होते हे ठाऊक नसेल, तर ती स्वयंपाकघरात आणि भाजीच्या कुंडीत येऊ देऊ नये. बाकी घरात तिचे हवे ते करावे.

ही अट अन्नालाच का? कारण अन्न भांड्यात नुसते पडून राहत नाही, ते भांड्यातले काहीबाही ओढून घेत असते. तेलकट पदार्थात एक प्रकारची द्रव्ये विरघळतात, आंबट पदार्थात दुसऱ्या प्रकारची, आणि पदार्थ गरम असेल किंवा बराच काळ ठेवला असेल तर हे सगळे वेगाने होते. दिवाळीत गरम चकल्या वर्तमानपत्रावर निथळायला टाकतात, चिवड्याच्या डब्याच्या तळाला तोच कागद घालतात. त्या कागदावरच्या शाईत रंगद्रव्ये असतात, खनिज तेले असतात, आणि कागद पुनर्वापरातला असेल तर आधीच्या छपाईचे अवशेषही असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली आणि २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाईच केली. वडापाववाल्याला आपण त्यावरून बोलतो आणि घरी मात्र परातीत तोच कागद अंथरतो. पार्सलच्या डब्यांचेही तसेच. तळाच्या त्रिकोणातला ५ हा आकडा पॉलिप्रॉपिलीन सांगतो, पेला आणि काट्याचे चिन्ह तो डबा अन्नासाठी बनवला असल्याचे सांगते. पण तो किती वेळा वापरण्यासाठी बनवला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पातळ डबा घासून ओरखडला की त्यात गरम आमटी भरू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. त्यात कोरडी डाळ ठेवावी, बटणे ठेवावीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमच्या आज्यांनी डालडाच्या डब्यात तुळस लावली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पापड ठेवले, कुणाला काय झाले? आज्यांचे उदाहरण मलाही प्रिय आहे, पण ते नीट पाहिले तर माझ्याच बाजूचे निघते. त्यांनी वापरलेले डबे मुळात खाण्याच्या पदार्थांचे होते. शिवाय कोणत्या भांड्यात काय ठेवायचे नाही, याचे नियम त्या घरांत फार काटेकोर होते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंच घातलेली आमटी ठेवली की ती कळकते, हे लहान मुलीलाही माहीत असे. लोणचे चिनी मातीच्या बरणीत जाई, सोलकढी पितळेत कुणी करत नसे. गल्लीत कल्हईवाला आला की आधी भांडी बाहेर निघत. आंबटाने तांबे सुटते हे रसायनशास्त्राच्या भाषेत त्यांना सांगता आले नसते, पण त्यानुसार वागणे त्यांना पक्के जमत होते. बदलले आहे ते घरात येणारे सामान. ऑइल पेंट, डिंकाचे नवे प्रकार, झुरळांचे औषध, फरशीचे ॲसिड या सगळ्यांचे डबे आज तितकेच मजबूत आणि तितकेच देखणे असतात, आणि जुनी पारख त्यांना लागू करायची राहून गेली आहे.

भाजीच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे, कारण उपनगरांत घरी भाजी लावण्याचे मुख्य कारणच भीती आहे. लोकलच्या दारातून रुळांकडेची पालक-लालमाठाची शेते सर्वांनी पाहिली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेचे नाव घेऊन रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना हे जमिनीचे तुकडे दिले. पुढे त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नाल्याचे पाणी वापरले जाऊ लागले, आणि सांडपाण्यावरच्या पालेभाजीत शिसे-कॅडमियमसारखे जड धातू उतरतात हे आता सर्वज्ञात आहे. ती भाजी नको म्हणून आपण ग्रिलमध्ये पालक लावतो, आणि तो लावतो साकीनाका-कुर्ल्याच्या भंगारातून आणलेल्या पिंपात! त्या पिंपात आधी काय होते हे दुकानदारालाही सांगता येत नाही. प्लॅस्टिक रसायने शोषून घेते, त्यामुळे कितीही धुतले तरी आत गेलेले सगळे निघत नाही, आणि वास येत नाही म्हणून ते स्वच्छ झाले असेही नाही. पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे होती, ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. म्हणजे गॅलरीत पडलेला जुना पाइप त्याआधीचा असण्याचीच शक्यता जास्त. आणि पालेभाज्या व मुळ्यासारखी कंदमुळे मातीतले धातू जेवढे घेतात, तेवढे टोमॅटो-मिरचीची फळे घेत नाहीत. लोक लावतात मात्र नेमकी पालेभाजी, कारण ती लवकर येते.

सर्वांत जास्त काळजी मला पुनर्विकासातून निघालेल्या लाकडाची वाटते. उपनगरांत जुन्या इमारती भराभर पाडल्या जात आहेत, त्यांची सागवानी दारे-खिडक्या स्वस्तात मिळतात, आणि त्यांपासून मसाल्याची मांडणी, चहाचा ट्रे, भाजीचे वाफे करण्याची कल्पना कुणालाही मोहात पाडील. घरगुती रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. चाळीस वर्षांच्या खिडकीवर एकावर एक चढलेले ऑइल पेंटचे थर त्या नियमाच्या कितीतरी आधीचे आहेत. तो रंग सँडपेपरने घासला की धूळ घरभर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हातातून तोंडात जाते. लहान मुलांसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. जुने लाकूड वापरायचेच तर रंग न खरवडता, अन्नापासून दूर, पुस्तकांच्या फळीसाठी वापरावे, आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर घरात आणूच नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढ्याशा मात्रेने काय होते, आणि या भीतीपोटी नवे प्लॅस्टिक विकत घ्यायचे असेल तर कचरा कमी करण्याचा हेतूच बुडाला नाही का? मात्रेचा मुद्दा खरा आहे. एका कुंडीतल्या चार जुड्यांनी कुणी आजारी पडणार नाही. पण घरची भाजी आपण विश्वासाने, आग्रहाने आणि सर्वांत लहान माणसाला आधी भरवतो, आणि टिफिनचा डबा वर्षानुवर्षे तोच असतो. टाळायला काहीच खर्च नसताना ही भर का घालायची? नवे विकत घेण्याची गरजही नसते, कारण अन्नाचाच इतिहास असलेल्या वस्तू उपनगरांत मुबलक आहेत. फरसाणवाल्याकडचे १५ किलोचे तेलाचे डबे, जॅमच्या काचेच्या बाटल्या, मातीचे फुटके माठ, आंब्याच्या साध्या लाकडी पेट्या भाजीला चालतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे भरून गच्चीवर शेती करून दाखवली. रसवंतीवर ती फुकट मिळतात, मातीपेक्षा हलकी असतात, त्यामुळे ग्रिलवर भारही कमी येतो. घरच्या ओल्या कचऱ्याचे खत उत्तम, पण सोसायटीच्या खड्ड्यात बॅटऱ्या, औषधांच्या पट्ट्या पडत असतील तर ते खत गुलमोहराला घालावे, मेथीला नाही. रंगाच्या बादल्यांत जास्वंद आणि मोगरा लावावा, तो तिथे छान येतो.

हाच विचार उलट्या दिशेनेही करायला हवा, आणि त्यात चूक झाली तर परिणाम पाहायला वर्षे लागत नाहीत. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल, ॲसिड किंवा टर्पेंटाइन भरून मोरीत ठेवलेले असते. मुलाला, पाहुण्याला, कामाला येणाऱ्या मावशींना ती बाटली सरबताची किंवा पाण्याचीच वाटते. तळणाच्या उरलेल्या तेलाचा साबण घरी करणाऱ्यांनीही जपावे. त्यात कॉस्टिक सोडा लागतो, तो ॲल्युमिनियमच्या भांड्यात घातला की धातू खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून त्यासाठी स्टीलचे वेगळे पातेले आणि लाकडी पळी ठेवावी. ते पातेले पुन्हा दूध तापवायला येऊ नये म्हणून त्यावर बाहेरून लाल रंगाचा जाड पट्टा ओढावा, काठाला तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधावी, आणि घरातल्या प्रत्येकाला, वाचता न येणाऱ्यालासुद्धा, त्या पट्ट्याचा अर्थ सांगून ठेवावा.