मादागास्करच्या मुलांचे पाठ

शास्त्रवाचन : अनुवाद ६:४-९, २ तीमथ्य ३:१४-१७.



शब्बाथ शाळेत मुलांच्या हाती आपण पाठाचा जो कागद देतो तो कोणी केला, प्रथम कोणत्या भाषेत केला आणि करताना कोणाला विचारले, हे प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतात. कागद मिशनकडून येतो, मुले तो वाचतात, प्रश्नोत्तरे तोंडपाठ म्हणतात, आणि आपले काम झाले असे आपण समजतो. आजच्या अभ्यासासाठी मी एका अशा देशाची हकीकत घेतली आहे की, जेथे परदेशातून आलेल्या मूठभर माणसांना मुलांचे पाठ अगदी अक्षरांपासून तयार करावे लागले. आणि पुढे ती माणसे देशात राहिली नाहीत तेव्हा त्या पाठांचीच परीक्षा झाली. तो देश मादागास्कर होय.

हे मोठे बेट आफ्रिका खंडाच्या पूर्वेस हिंदी महासागरात आहे. त्याच्याही पूर्वेस मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातील पुष्कळ कुटुंबे उसाच्या मळ्यात मजुरीस गेली ते हेच मॉरिशस. मादागास्करच्या लोकांची भाषा मालागासी. शेजारच्या आफ्रिकेतील भाषांच्या कुळातली ती नव्हे; तिची जवळची बहीण दूर बोर्निओ बेटावर बोलली जाते.

१८१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडन मिशनरी सोसायटीचे दोन तरुण, डेव्हिड जोन्स व टॉमस बेव्हन, मॉरिशसहून निघून मादागास्करच्या किनाऱ्यावरील तामाताव्ह बंदरात उतरले. तेथे त्यांनी काही मुलांना शिकविण्यास आरंभ केला, आणि मग आपापल्या बायकामुलांना आणण्यासाठी ते मॉरिशसला परत गेले. ती कुटुंबे किनाऱ्यावर आली तो हिवतापाचा काळ होता. थोड्याच आठवड्यांत बेव्हन, त्यांची पत्नी व मूल, तसेच जोन्स यांची पत्नी व मूल अशी पाच माणसे मातीआड झाली. एकटे जोन्स उरले, तेही आजारी. कसेबसे ते मॉरिशसला पोचले. हा मनुष्य आता वेल्सला आपल्या आईबापांकडे परत गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु १८२० साली तो पुन्हा आला. या वेळी डोंगरावरील राजधानीत, आंतानानारिवो येथे. तेथील राजा रादामा याने त्याच वर्षी परदेशी गुलाम विकण्याचा व्यापार बंद करण्याचा करार इंग्रज सरकारशी केला होता, आणि आपल्या प्रजेने लिहिणे-वाचणे शिकावे अशी त्याची इच्छा होती. ८ डिसेंबर १८२० रोजी तीन मुले घेऊन शाळा सुरू झाली. पुढल्या वर्षी डेव्हिड ग्रिफिथ्स हे दुसरे मिशनरी येऊन मिळाले.

जोन्स, बेव्हन व ग्रिफिथ्स हे तिघेही वेल्स प्रांताचे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. वेल्समध्ये राज्यकर्त्यांची भाषा इंग्रजी व घरची भाषा वेल्श. टॉमस चार्ल्स नावाच्या पाळकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे गावोगाव रविवारच्या शाळा काढिल्या, आणि शेतकऱ्यांची मुले व म्हातारीकोतारी माणसेही त्या शाळांत वेल्श शास्त्रावरून वाचावयास शिकली. तेथे वेल्श शास्त्राच्या प्रती पुरेनात, म्हणून जी हाकाटी झाली तिच्यातूनच १८०४ साली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन होण्यास मोठी चालना मिळाली. ज्याने स्वतः देवाचे वचन आईच्या भाषेत ऐकले, त्याला परदेशातील मुलांपुढे साहेबाची भाषा ठेवून चालणार नाही हे निराळे सांगावे लागले नसावे. हे माझे अनुमान आहे. परंतु या मिशनऱ्यांनी पाठ मालागासीत तयार केले, ही गोष्ट अनुमानाची नव्हे.

पण पाठ लिहावयाचे कोणत्या अक्षरांत? बेटाच्या आग्नेय भागातील थोड्या जाणत्या लोकांपाशी अरबी अक्षरांत लिहिलेल्या पोथ्या होत्या. सामान्य माणसाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. मिशनऱ्यांनी रोमी अक्षरे घेतली. मग वाद निघाला की ही अक्षरे इंग्रजाप्रमाणे उच्चारावी की फ्रेंचाप्रमाणे. राजाने १८२३ साली निकाल दिला : व्यंजने इंग्रजांची, स्वर फ्रेंचांचे. ज्या पाच अक्षरांची मालागासीला गरज नाही ती वगळली गेली आणि एकवीस राहिली. इंग्रजी शब्दांची अक्षरे पाठ करताना मुलांचे जे हाल होतात ते या मुलांच्या वाट्याला आले नाहीत. आपली मुले बाराखडी शिकताच वाचू लागतात, तशीच ती लवकर वाचू लागली.

शाळेची रीत इंग्लंडातून आणलेली होती, पण तिचे मूळ आपल्या देशाकडे जाते. मद्रासेतील अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचे पाद्री होते. तेथील देशी शाळांत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे पाहून त्यांनी ती रीत उचलली, आणि मोठ्या मुलाने लहान मुलांना शिकवावे अशी व्यवस्था केली. १७९७ साली त्यांनी त्याविषयी लंडनात पुस्तक छापले. पुढे जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांमुळे अशी पद्धत सर्वत्र पसरली आणि मिशनऱ्यांबरोबर मादागास्करात पोचली. आपल्या आज्यापणज्यांची धूळपाटी अशी समुद्र ओलांडून दोनदा फिरली आहे! या रीतीचा मोठा लाभ असा की, एक पाठ लिहून भिंतीवर टांगला म्हणजे त्याच्यापुढे मुलांचा एक अख्खा घोळका उभा राहून शिकू शकतो. छापखाना नसलेल्या देशात दुसरे काय करणार?

सर्व आईबापांना हे आवडले असे मात्र नाही. गोरे लोक मुलांना समुद्रापार नेतील, खाऊन टाकतील, अशा वावड्या उठल्या. मुले शाळेत पाठवावी असा राजाचा हुकूम सुटला, तेव्हा काहींनी आपली मुले भाताच्या पेवात लपविल्याचे त्या काळच्या वृत्तांतात आढळते. आपण या आईबापांना हसू नये. ज्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गुलाम म्हणून गलबतात घालून नेली, तेथील आईने परक्याचा संशय धरला तर ते तिचे अज्ञान नव्हे. शिवाय राजाला शिकलेली मुले हवी होती ती आपल्या दप्तरासाठी व फौजेसाठी. प्रभूच्या वचनाची त्याला फारशी ओढ नव्हती. शाळेला राजाचा हुकूम मिळाला म्हणून मिशनऱ्यांना आनंद झाला असेल. परंतु हुकुमाने भरलेली शाळा हुकुमानेच रिकामी होते, हे पुढे दिसून आले.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. शाळा वाढल्या, तीन मुलांची शेकडो व पुढे हजारो झाली, आणि १८२४ च्या सुमारास वरच्या वर्गातील मुले खेड्यापाड्यांत शिक्षक म्हणून जाऊ लागली. हीच मुले भाषांतराच्या कामीही मिशनऱ्यांच्या जवळ बसत. मिशनऱ्याने वाक्य मांडावे, मुलाने ते ऐकावे, आणि आमच्यात असे बोलत नाहीत असे त्याला सांगता यावे. बाहेरच्या माणसाला मालागासीत किती ठिकाणी ठेच लागेल याचे एकच उदाहरण देतो, आणि ते मराठी माणसाला चटकन समजेल. आपण ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा ऐकणारा त्यात नसतो. ‘आपण’ म्हणतो तेव्हा तोही आत येतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे. मालागासीत आपल्यासारखेच दोन आहेत : ‘इझाहाय’ म्हणजे आम्ही, ‘इसिका’ म्हणजे आपण. आता प्रार्थनेत कोणी ‘इसिका’ वापरून पाप कबूल केले, तर त्याने देवालाही पाप्यांत मोजल्यासारखे होईल. प्रभूच्या प्रार्थनेचा आरंभ मालागासी शास्त्रात ‘राइनाय’ या शब्दाने होतो, आणि त्यातील ‘आमचा’ हा ऐकणाऱ्याला वगळणाराच आहे. ज्याच्या जन्मभाषेत हा भेद नाही त्याला तो कोशात सापडत नाही. तो अंगणात खेळणाऱ्या मुलाला ठाऊक असतो.

उलट, जी वस्तू देशात नव्हतीच तिचे नाव त्या लोकांनी परक्याकडून निःसंकोच घेतले. शाळेला ते ‘सेकुली’ म्हणतात, पुस्तकाला ‘बुकी’ आणि पाटीला ‘सुलाइट्र’. हे तिन्ही शब्द इंग्रजीतून आले, हे कान देऊन ऐकल्यास कळते. रविवाराचे नाव मात्र ‘आलाहादी’. ते मिशनऱ्यांच्या फार पूर्वी अरबांकडून आले होते, आणि मिशनऱ्यांनी ते तसेच राहू दिले.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. मी नवा पाळक असताना उत्तम मेंढपाळाचा पाठ शिकवीत होतो. हाती चित्र होते : मेंढपाळ पुढे, मेंढरे मागे. वर्गात धनगराचा एक मुलगा होता. तो म्हणाला, “पाळकबाबा, हा पुढं चाललाय, तर मागं कोण हाय? लांडगा मागनं येतो.” मी त्याला गप्प बसविले, कारण पुस्तिकेत त्याचे उत्तर नव्हते. त्या मुलाला मेंढरांविषयी पुस्तिका करणाऱ्यापेक्षा व माझ्यापेक्षा अधिक कळत होते. मी त्याला बोलू दिले असते, तर योहानाच्या दहाव्या अध्यायातील लांडगा व पळून जाणारा मोलकरी त्या दिवशी साऱ्या वर्गाला डोळ्यांनी दिसला असता. तो मुलगा पुढल्या रविवारी आला, पण पुन्हा त्याने काही विचारले नाही.

मादागास्करात छापखाना १८२६ च्या अखेरीस पोचला. त्याच्याबरोबर चार्ल्स हॉव्हेन्डन नावाचे मुद्रक आले होते. ते काही आठवड्यांतच तापाने वारले. यंत्र आले आणि चालविणारा गेला. तेव्हा ग्रिफिथ्स यांनी व जेम्स कॅमरन नावाच्या कारागिराने तेथील तरुणांना हाताशी धरून ते यंत्र उभे केले, आणि १ जानेवारी १८२७ रोजी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा कागद छापून काढिला. मागाहून अक्षरओळखीचे पाठ, प्रश्नोत्तरावली व गीते छापून निघाली, आणि १८३० साली नवा करार पूर्ण झाला.

१८२८ साली रादामा मरण पावला व राणी रानावालोना गादीवर आली. काही वर्षे तिने चालू दिले. १८३१ साली पहिले बाप्तिस्मेही झाले. परंतु १ मार्च १८३५ रोजी तिने लोकांची मोठी सभा भरवून ख्रिस्ती उपासना बंद केली, आणि पुस्तके सरकारात आणून द्यावी असा हुकूम केला. त्या वेळी जुन्या करारातील यहेज्केलापासून मलाखीपर्यंतचा व ईयोबाचा काही भाग छापावयाचा राहिला होता. देशी मदतनीस आता छापखान्यात पाऊल ठेवू शकत नव्हते. तेव्हा एडवर्ड बेकर या मुद्रकाने स्वतः खिळे जुळविले आणि डेव्हिड जॉन्स यांनी मुद्रिते तपासली. (हे जॉन्स निराळे, वर सांगितलेले जोन्स १८३० सालीच देश सोडून गेले होते.) जून १८३५ मध्ये सर्व पवित्र शास्त्र मालागासीत छापून पूर्ण झाले. पुढल्या वर्षी शेवटचे मिशनरी देशातून गेले. जाताना सुमारे ७० प्रती त्यांनी विश्वासू लोकांच्या हवाली केल्या, आणि त्या जमिनीत पुरून ठेवण्यात आल्या.

मंडळीत पाळक नाही, शाळा नाही, छापखाना नाही. १४ ऑगस्ट १८३७ रोजी रासालामा नावाच्या स्त्रीला भाल्यांनी मारण्यात आले. १८४९ साली अठरा जणांना देहान्त झाला. त्यांतील चौघे जाळले गेले व बाकीचे कड्यावरून लोटले गेले. असे पंचवीस वर्षांहून अधिक चालले. त्या काळात मंडळी जगली ती कशावर? पूर्वी शाळेत वाचावयास शिकलेली मुले आता मोठी झाली होती. ती रात्री घराची दारे लावून, गुहांत किंवा रानात जमून वाचीत आणि इतरांना ऐकवीत. १८५० नंतरच्या दशकात विल्यम एलिस तेथे गेले, तेव्हा त्यांना शास्त्राचे जीर्ण, पुन्हा पुन्हा जोडलेले तुकडे व हाताने उतरवून घेतलेले भाग पाहावयास मिळाले. १८६१ साली राणी मरण पावली व दुसऱ्या वर्षी मिशनरी परत आले, तेव्हा विश्वासणाऱ्यांची संख्या ते सोडून गेले होते त्याच्या कितीतरी पट झालेली होती.

उपदेशक बंधूंनी हा पाठ वर्गात घेताना प्रथम नकाशा काढून मुंबई, मॉरिशस व मादागास्कर दाखवावे. नकाशा नसेल तर जमिनीवर काठीने काढावा. मग मुलांना एक वचन आपल्या घरच्या बोलीत सांगावयास लावावे, आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील फरक त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. प्रार्थनेत ‘आपण पाप केले’ असे म्हटले तर मराठीत ऐकणाराला काय वाटेल, हे त्यांना विचारावे. मोठ्या मुलांना असे विचारावे की, उद्या तुमच्या गावातील सर्व पुस्तके नेली, तर शास्त्राचा कोणता भाग तुम्ही आठवणीने कागदावर उतरवाल. त्यांना कागद व पेन्सिल द्यावी आणि अर्धा तास मध्ये बोलू नये. लिहिलेले कागद गोळा करून वर्गातच ठेवावे. चुकलेले शब्द दुसऱ्या रविवारी मुलांनी एकमेकांचे तपासावे.