जीपच्या मीटरमागचा उजेड

जुन्या जीपवाल्यांच्या गप्पांत इंजिन, गिअरबॉक्स, फोर व्हीलचा दांडा यांवर रात्र सरते. मीटरच्या दिव्यांचा विषय कोणी काढत नाही. दिवसा त्यांच्यावाचून अडत नाही आणि रात्री अंदाजाने भागवायची सवय झालेली असते. पण उन्हाळ्यात, रात्री, भरल्या गाडीने वरंधा घाट चढताना इंजिन किती तापलंय हे अंदाजाने कळत नाही. माझ्याकडे पेजोच्या डिझेल इंजिनची महिंद्रा एमएम ५४० आहे आणि एका मित्राकडे तिच्याहून जुनी सीजे-३बी. या दोघींच्या डॅशमागे हात घालून जे कळलं ते खाली मांडतोय. सगळ्यांना पटेलच असं नाही.

१. आधी बॅटरीची तार काढा.

अॅम्पिअर मीटर असलेल्या जीपमध्ये बॅटरीची जाड तार थेट त्या मीटरच्या पाठीमागे येते. चावी काढली तरी तिच्यात करंट असतोच, आणि बऱ्याच गाड्यांत मध्ये फ्यूजही नसतो. पान्याचं एक टोक त्या तारेच्या नटाला आणि दुसरं डॅशच्या पत्र्याला लागलं, तर तार तापून इन्सुलेशनचा धूर निघायला वेळ लागत नाही. काम दोन मिनिटांचं असलं तरी निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचंच.

२. बल्ब बदलण्याआधी अर्थ बघा.

आमचा वायरमन यावर ठाम आहे: "साहेब, बल्ब बिचारा ठीक आहे, त्याला परतीचा रस्ता नाही." या गाड्यांत मीटरच्या बल्बला एकच तार येते. परतीचा करंट होल्डरमधून मीटरच्या डब्यात, डब्यातून डॅशच्या पत्र्यात आणि तिथून बॉडीत जातो. मूळ गाडीत हे चालायचं, कारण तेव्हा सांधे कोरे होते. त्यानंतर गाडी दोन-तीनदा रंगवली जाते. पेंटर डॅश काढतो, छान जाड रंग मारतो आणि मीटर त्या रंगावर बसवून टाकतो. रंगातून करंट जात नाही. भरीला आपला पावसाळा. कापडी हुडातून चार महिने ओल आत येते आणि होल्डर आतून गंजतात.

बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. १० टक्के व्होल्टेज वाटेत हरवलं तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. म्हणून टेस्ट लॅम्प लावून 'तारेत करंट आहे' एवढं बघून थांबू नका. मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि दिवे चालू ठेवून मोजा. तिथे एखादा व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

उपाय स्वस्त आहे. होल्डर झिरो पेपरने घासायचे, प्रत्येक मीटर डॅशला आवळणाऱ्या मागच्या नटाला (तारेच्या नटाला नव्हे) लग लावून एक काळी तार सगळ्यांतून फिरवायची आणि बॉडीच्या एका स्वच्छ बोल्टला घट्ट आवळायची. मीटरचा डबा आतून पांढरा असतो, तो उजेड परतवतो. उघडता येण्यासारखा असेल आणि आत पिवळा पडला असेल, तर त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारावा. माझ्या गाडीत एवढ्यानेच निम्म्याहून अधिक फरक पडला. एलईडीचा विचार त्यानंतर.

३. वॉट वाढवू नका.

मीटरमागचे मूळ बल्ब साधारण दोन ते चार वॉटचे असतात. दुकानदार त्याच मापाचा मोठ्या वॉटचा बल्ब आनंदाने देईल. बंद डब्यात ती उष्णता कुठे जाणार? प्लास्टिकची रंगीत काच आधी वितळते, मग डायलवरचे आकडे करपतात. जुना डायल पुन्हा मिळत नाही.

४. एलईडी घ्यायचा तर चौकसपणे घ्या.

साधा बल्ब चहूकडे उजेड फेकतो आणि तो डब्याच्या भिंतींवर आपटून डायलवर पसरतो. स्वस्त एलईडी फक्त समोर मारतो. मग वीसचा आकडा लख्ख आणि ऐंशीचा अंधारात. कडेलाही चिप असलेले, दुधी टोपीचे एलईडी घ्यावेत. एलईडीला उलटं-सुलटं असतं, त्यामुळे पेटला नाही तर दुकानात परत नेण्याआधी फिरवून बघा. गाडी अजून मूळच्या ६ व्होल्टवर असलेली विलीज असेल, तर १२ व्होल्टचे एलईडी तिला चालणार नाहीत. आणि अल्टरनेटर चार्ज करताना १४ व्होल्टच्या वर जातो. टपरीवरचे एलईडी ते फार काळ सोसत नाहीत, आधी लुकलुकतात आणि मग जातात.

५. रंगाचा मोह.

निळे मीटर फोटोत झकास दिसतात. अंधारात डोळ्याला निळा रंग नीट फोकस करता येत नाही, आकड्यांच्या कडा पसरट दिसतात, आणि चाळिशीचा चष्मा लागला असेल तर विचारूच नका. लाल उजेडाची बाजू भक्कम आहे. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मंद लाल उजेडाने तो सराव सहसा मोडत नाही. पण तापमानाच्या मीटरवरचा धोक्याचा लाल पट्टा पांढऱ्या डायलवर असला तर लाल उजेडात विरघळून जातो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप तेच दिसेना! मी पिवळसर पांढरा, ३००० केल्विनच्या आसपासचा घेतला. तो जुन्या बल्बसारखा दिसतो आणि जीपला शोभतो.

६. मंद करता आलं पाहिजे.

जीपची पुढची काच सपाट आणि जवळजवळ उभी. तेजस्वी मीटरचं प्रतिबिंब तिच्यात पडतं आणि धुक्यात त्या प्रतिबिंबातून रस्ता शोधावा लागतो. जुना फिरवायचा ऱ्हिओस्टॅट एलईडीवर जवळपास निकामी ठरतो. समजा तो १० ओमचा आहे. चार बल्ब मिळून एक अॅम्पिअरच्या आसपास ओढत होते, तेव्हा तो जवळजवळ निम्मं व्होल्टेज खाऊ शकत होता. एलईडी मिळून ओढतात जेमतेम ०.१५ अॅम्पिअर, म्हणजे तो खातो दीड व्होल्ट. बटण टोकापर्यंत फिरवलं तरी डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. एलईडीसाठीचा, पॉझिटिव्ह बाजू तोडणारा १२ व्होल्टचा पीडब्ल्यूएम डिमर मीटरच्या तारेत घालावा. डॅशखाली बसवला की दिसतही नाही.

७. चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नका.

हे बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर. अल्टरनेटर असलेल्या अनेक गाड्यांत हा दिवा नुसता इशारा देत नाही. चावी फिरवली की बॅटरीचा थोडा करंट याच बल्बमधून अल्टरनेटरच्या फील्ड कॉइलमध्ये जातो आणि तिथे पहिलं चुंबकत्व उभं राहतं. अल्टरनेटर चार्ज करू लागला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज येतं, म्हणून तो विझतो. त्या जागी एलईडी लावला तर करंट फारच थोडा जातो. मग गाडी सुरू होते, पण अल्टरनेटर जागा होत नाही, किंवा जोरात रेस केल्यावरच होतो. हेडलाइट आणि वायपर लावून घाटात तास काढला की बॅटरी बसते, आणि दोष येतो बॅटरीवर किंवा नुकत्याच बदललेल्या रेग्युलेटरवर. तिथे फिलामेंटचाच बल्ब ठेवा. एलईडीचाच हट्ट असेल तर त्याला समांतर साधारण ५० ते १०० ओमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा.

८. लष्करी मीटर खरवडू नका.

डिस्पोजलच्या जीपमध्ये किंवा जुन्या बाजारात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले मीटर अजून हाती लागतात. त्या काळी लष्करी डायलवर अंधारात दिसण्यासाठी रेडियम मिसळलेला रंग वापरला जाई. हे स्टिकरवाल्याकडचं रेडियम नव्हे, खरंखुरं किरणोत्सारी. त्याची चमक आता गेलेली असते, कारण रंगातला चमकणारा पदार्थ झिजतो. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचं. खरवडल्यावर उडणारी धूळ श्वासातून आत जाणं हा खरा धोका आहे. असा डायल उघडू नका, घासू नका. उजेड बाहेरूनच द्या. युद्धकाळातल्या विलीजमध्येही डॅशवर टोपीचे छोटे दिवे लावून मीटरवर वरूनच उजेड पाडलेला असे.

९. अप्परचा निळा दिवा.

सगळे बल्ब बदलायच्या भरात हाही एलईडी झाला, तर अप्पर लावल्यावर तो थेट डोळ्यांत टोचतो आणि हात आपोआप डिपरकडे जातो. इथेही जुनाच बल्ब बरा. बदललाच असेल तर काचेच्या आतल्या बाजूला दुधी कागदाचे दोन थर लावा. दिवसाही दिसत राहील आणि घाटात त्रास होणार नाही.