कडधान्याच्या मुळांवरील गांठी

कृष्णाकांठीं सोयाबीन व हरभरा पेरणाऱ्यांस जिवाणुखताचें पाकीट परिचित आहे; त्यांतील रायझोबियम जिवाणु प्रयोगशाळेंत यीस्टच्या अर्कावर पोसलेले असतात, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. हरभऱ्याचे जिवाणु सोयाबीनवर गांठी धरीत नाहींत. सबब पाकिटावरील पिकाचें नांव आधीं वाचावें. 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम खत गुळाच्या थंड पाण्यांत कालवून हलक्या हातानें चोळावें, बीं सावलींत सुकवावें व लागलीच पेरावें. उन्हानें जिवाणु मरतात व पैसा वायां जातो. कोरेगांवकडील वाघ्या घेवड्यास मात्र गांठी बेताच्याच येतात. त्यास नत्र वरून द्यावेंच लागतें. 40 दिवसांनीं एक रोप खणून काढावें. उपटल्यास गांठी मातींतच राहतात. गांठ फोडून आंत तांबूस रंग दिसला तर जिवाणु कामास लागले. पांढरी वा हिरवट निघाल्यास नाहीं.