पगार किती ते नंतर, आधी तास किती ते विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की रिसोड, मानोरा, मंगरुळपीरहून पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला : "सर, पोराले कोन्त्या लाइनले टाकू?" मेडिकल-इंजिनिअरिंगचं थोडक्यात सांगतो. गुण असतील आणि खर्च झेपत असेल तर जरूर जा. मला बोलायचंय ते सरकारी भरतीच्या नादाबद्दल.

२०२३च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ होत्या, अर्ज आले १० लाखांवर. एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार! तरी सोयाबीनच्या पैशातून पुण्यातली खोली, मेस, अभ्यासिका वर्षानुवर्षं चालूच. तयारी जरूर करा, पण कुठे थांबायचं ते आधी ठरवा.

न थांबलेली पोरं शेवटी चाकणच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे लागतात आणि घरी सांगतात, "१८ हजार." बारा तासांची पाळी, महिन्याचे २६ दिवस धरले तर तासाला ५८ रुपयेही पडत नाहीत. त्यातून खोलीभाडं जायचंच. कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर आहे; तो पगारपत्रकात दिसतो का, हे कुणी विचारतच नाही.

आता माझा आग्रह. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्री हा दोन वर्षांचा ट्रेड करा, मग शिकाऊ उमेदवारी, आणि मोटर रिवाइंडिंग शिका. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत विजेचा दाब कमी पडतो आणि मोटर जळते. कारागीर जळकी कॉइल काढतो, वेढे मोजतो, त्याच जाडीची तांब्याची तार भरतो, वार्निश लावून सुकवतो. बाकावर बसलेला शेतकरी "किती?"च्या आधी "कधी?" विचारतो. मजुरी मोटरच्या एचपीवर ठरते, घड्याळावर नाही. हात बसला की त्याच तासाची कमाई वाढते. सुरुवातीला उस्तादाकडे कमी पैशात राबावं लागेल, पावसाळ्यात मोटरीचं काम थंडावेल. तेव्हा घरांचं वायरिंग करा. सौर कृषिपंप गावोगाव बसतायत, त्यामुळे त्यांच्या कंट्रोलरचं कामही शिकून घ्या.

पालकांची खरी अडचण वेगळीच असते : "आयटीआय केलं तं पोरगी कोन देईन?" मग तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसलेल्याला कोण देतंय? तुमच्या भावकीतल्या मानपानासाठी पोराची दहा वर्षं जाळू नका.

या आठवड्यात पोराला तालुक्याच्या शासकीय आयटीआयच्या कार्यशाळेत न्या. मागच्या तुकडीतली मुलं आज काय कमावतात, ते निदेशकांना विचारा. आणि नोकरी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न करा : तास किती, हातात किती, जादा तासाचे किती? जो उत्तर टाळेल, त्याच्याकडे पोराला पाठवू नका.