चाकातला एक किलो

सन १९२४ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे झालेल्या मोटारींच्या शर्यतीत एत्तोरे बुगाती यांनी आपली ‘टाइप ३५’ ही नवी मोटार उतरविली. त्या काळी शर्यतीच्या मोटारींना बहुधा तारांच्या आऱ्यांची चाके असत. बुगातींच्या मोटारीची चाके मात्र ॲल्युमिनियम ओतून केलेली होती व त्यांना आठ रुंद, चपट्या आऱ्या होत्या. हलक्या धातूच्या चाकांची ही ओढ मोटारींच्या शौकिनांना आजही आहे.

चाक हलके करून नेमके काय मिळते? आणि पैसे बेताचेच असतील, तर असे चाक कसे निवडावे? एका खऱ्या मोटारीचे उदाहरण घेऊन ही उत्तरे आपण शोधू या. ती मोटार म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. ती १९८९ मध्ये प्रथम लोकांपुढे आली. दोनच माणसे बसतील एवढी, उघड्या टपाची आणि वजनाला १,००० कि.ग्रॅ. पेक्षा थोडी कमी अशी ही मोटार. त्या पहिल्या मोटारींची चाके १४ इंच व्यासाची होती.

आधी एक प्रयोग

प्लॅस्टिकच्या नळाचे वीतभर लांबीचे दोन सारखे तुकडे घ्या. एकात ओली माती गच्च ठासून भरा, दुसरा पोकळच ठेवा. एका फळीच्या टोकाखाली दोन-तीन पुस्तके ठेवून उतार करा आणि दोन्ही तुकडे वरून एकाच वेळी सोडा. कोणता आधी खाली पोचेल?

मातीचा तुकडा जड असूनही पुढे जातो! जड वस्तूला गुरुत्वाकर्षण त्याच प्रमाणात जास्त ओढते, म्हणून नुसत्या वजनाने येथे फरक पडत नाही. फरक पडतो तो वजन कोठे आहे यामुळे. घरंगळणाऱ्या वस्तूला दोन कामे करावी लागतात : पुढे जाणे आणि स्वतःभोवती फिरणे. पोकळ नळाचे सगळे द्रव्य कडेला असते. त्यामुळे त्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा फिरण्यावरच खर्च होते. भरलेल्या तुकड्याचे बरेचसे द्रव्य मध्याजवळ असते, म्हणून त्याला फिरण्यासाठी कमी ऊर्जा पुरते.

आता हिशेब

मोटारीचे चाक पोकळ नळासारखे आहे. म्हणून चाकातला एक किलो हा मोटारीच्या सांगाड्यातल्या एका किलोपेक्षा ‘महाग’ पडतो. किती महाग? काही शौकीन दहापट म्हणतात. आपण मोजून पाहू.

एखादा किलो अगदी टायरच्या बाहेरच्या कडेवर असता, तर आसाभोवती त्याच्या फिरण्याचा वेग मोटारीच्या वेगाइतकाच झाला असता आणि तो किलो दुप्पट धरावा लागला असता. याहून जास्त कधीच नाही. पण धातूची कड टायरच्या आत असते. आपल्या उदाहरणात ती मध्यापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर येते. म्हणून तिचा फिरण्याचा वेगही मोटारीच्या वेगाच्या दोन तृतीयांश. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून फिरण्याचा वाटा ४/९ येतो. म्हणजे चाकातला एक किलो सुमारे दीड किलोएवढा, दहा किलोएवढा मुळीच नव्हे!

समजा, प्रत्येक चाक २ कि.ग्रॅ. ने हलके केले. चार चाकांचे ८ कि.ग्रॅ., हिशेबात सुमारे १२ कि.ग्रॅ. चालकासह मोटार १,०५० कि.ग्रॅ. धरली, तर बचत एक टक्क्याच्या आसपास. ताशी १०० कि.मी. वेग गाठायला ९ सेकंद लागत असतील, तर वाचेल सेकंदाचा दहावा भाग. एवढ्यासाठीच पैसे खर्चायचे असतील, तर ते खिशात ठेवलेले बरे.

खरा लाभ

मग हलक्या चाकाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो दुसरीकडे. मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर तोललेला असतो. चाके मात्र स्प्रिंगांच्या खाली असतात. रस्त्यातील उंचवट्यावर चाक वर उडते आणि स्प्रिंग त्याला पुन्हा खाली दाबते. जड चाक एकदा वर निघाले की चटकन थांबत नाही आणि खाली यायलाही वेळ लावते. तेवढा वेळ टायरची रस्त्यावरची पकड सैल पडते. प्रत्येक टायर साधारण तळहाताएवढ्याच भागावर रस्त्याला टेकलेला असतो. वळणे आणि थांबणे हे सर्व त्या चार तळहातांच्या भरवशावर! हलके चाक रस्ता कमी सोडते, हाच त्याचा मोठा गुण.

निवड कशी करावी?

पहिले काम म्हणजे जुने चाक काट्यावर ठेवणे. एमएक्स-५ ची मूळची मिश्रधातूची चाके बरीच हलकी आहेत. दिसायला देखणे असे १७ इंची नवे चाक त्यांच्यापेक्षा जड निघू शकते. लहान व्यास हा हलकेपणाचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

पण व्यास १४ वरून १५ इंच केला, तर वेगदर्शक चुकणार नाही का? मूळ टायरवर १८५/६० आर १४ असा आकडा असतो. म्हणजे रुंदी १८५ मि.मी., बाजूची उंची तिच्या ६० टक्के (१११ मि.मी.) आणि धातूच्या चाकाचा व्यास १४ इंच (३५६ मि.मी.). एकूण व्यास ३५६ + १११ + १११ = ५७८ मि.मी. आता १९५/५० आर १५ घ्या : ३८१ + ९७.५ + ९७.५ = ५७६ मि.मी. फरक अवघा २ मि.मी.!

दुसरे, चाक बसले पाहिजे. या मोटारीची चार भोके १०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि मधल्या भोकाचा व्यास ५४.१ मि.मी. असतो. चाक किती आत वा बाहेर बसेल हेही जुळावे लागते. नाही तर टायर सांगाड्याला घासतो.

तिसरे, चाक कसे बनविले आहे? साच्यात नुसता रस ओतून केलेले चाक स्वस्त असते. पण त्यात बारीक पोकळ्या राहण्याचा संभव असतो, म्हणून ते जाड करावे लागते. प्रचंड दाबाखाली ठोकळा घडवून केलेले चाक बळकट व हलके असते, परंतु महाग. या दोहोंमधली एक रीत आहे : चाक ओतायचे आणि मग त्याची कड तापवून, फिरवत, रुळांनी दाबून ताणायची. दाबाने धातू घट्ट होतो, कड पातळ करता येते आणि किंमतही फार वाढत नाही. बेताच्या पैशांत हीच चाके बहुधा योग्य ठरतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तार पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते. चाकही दर फेऱ्याला थोडे वाकत असते. म्हणून चांगल्या चाकाच्या तीन परीक्षा घेतात : वाकविण्याची, भार ठेवून फिरविण्याची आणि आघाताची. जपानच्या या मानकात बसणाऱ्या चाकावर ‘जेडब्ल्यूएल’ ही अक्षरे उमटविलेली असतात. चाक किती भार पेलेल हा आकडाही पाहावा. स्वस्त आणि फार हलके, पण खूण वा आकडा नसलेले चाक घेऊ नये. वेगात फुटलेले चाक दहाव्या सेकंदाच्या बदल्यात जीवही मागू शकते.

विचार करा

१. चाकाऐवजी टायर एक किलोने हलका केला, तर लाभ जास्त की कमी? का?
२. २०५/४५ आर १६ या टायरचा एकूण व्यास काढा. वरील मोटारीचा वेगदर्शक त्यामुळे खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवील की कमी?