जठरातील जंतू आणि कर्करोग

पोटात जळजळ झाली की दोष शेंगांच्या चटणीला द्यावयाचा, ही सोलापूरकडील जुनी रीत आहे. वैद्यकशास्त्राचेही मत पुष्कळ वर्षे फारसे निराळे नव्हते. जठरातील व्रण तिखटाने, काळजीने व आम्लाने होतो आणि त्या आम्लात कोणताही जंतू तग धरू शकत नाही, असे मानले जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरेन व डॉ. बॅरी मार्शल यांच्या कार्याने या समजुतीस धक्का बसला. ईस्टरच्या सुटीमुळे काचपात्रे नेहमीपेक्षा अधिक दिवस उबवणयंत्रात राहिली, आणि जठरातील जंतू प्रथमच प्रयोगशाळेत वाढले. पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी ते स्वतः प्राशन केले व त्यांच्या जठरास सूज आली. उभयतांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा तो जंतू होय. युरियापासून अमोनिया निर्माण करून तो आपल्याभोवतीचे आम्ल सौम्य करतो व जठराच्या अस्तरावर ठाण मांडतो. लागण बहुधा बालपणी, घरातल्या घरातच होते. बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही. मात्र दाह वर्षानुवर्षे चालू राहिल्यास काहींच्या जठरातील ग्रंथी झिजतात, त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात आणि त्यांतूनच कधीकधी कर्करोग उद्भवतो. या वाटचालीस कित्येक दशके लागतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या जंतूची गणना कर्करोगकारकांत केली.

येथे एक कोडे आहे. बार्शी येथे १९८७ पासून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगावी जाऊन रुग्णांची माहिती मिळवितात. आपल्या देशात या जंतूची लागण अतिशय सर्रास असूनही जठराचा कर्करोग मात्र जपान किंवा मिझोरामच्या मानाने या भागात पुष्कळच कमी आढळतो. जंतूचा वाण, आहारातील मीठ, धूर दिलेले पदार्थ, तंबाखू व आनुवंशिकता या सर्वांचा यात वाटा असावा. जंतू एकटा पुरेसा नाही, एवढे निश्चित.

म्हणून सरसकट सर्वांना औषध देणे आपल्याकडे शहाणपणाचे नाही. प्रतिजैविके अशाने निकामी होतात. परंतु व्रण असलेल्यांची, किंवा ज्यांच्या आईवडिलांना अथवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे त्यांची तपासणी अवश्य व्हावी. ती श्वासावरून, शौचावरून किंवा दुर्बिणीने करता येते. उपचार दहा ते चौदा दिवसांचा असतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडणारे रुग्ण पुष्कळ, आणि जंतू त्यांच्याच पोटात शिरजोर होतो.

खरी अडचण निराळीच आहे. 'पित्त झाले' म्हणून दुकानातून पुडी किंवा गोळी आणून महिनोन्‌महिने घेतली जाते, आणि रोग झाकला जातो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, वजनातील घट, काळे शौच, वारंवार उलटी, घास अडकणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत दुर्बीण तपासणीसाठी पाठवावे. गावात अशी माणसे कोण, हे ग्रामपंचायत सदस्यांना व शिक्षकांना डॉक्टरांच्याही आधी ठाऊक असते.