मुलांची उंची का खुंटते?

प्रार्थनेच्या रांगेत सर्वात ठेंगणे मूल पुढे उभे राहते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी सलग तीन वर्षे त्याच पहिल्या जागेवर उभी राहिली. ती वर्गात सुस्त असे, तिला थंडी फार वाजे. मुले तिला चिडवीत. आम्ही समजलो, घराणेच ठेंगणे असेल. पुढे रक्ततपासणीत थायरॉइडची कमतरता निघाली. रोजच्या एका गोळीने ती वाढू लागली, पण वाया गेलेली वर्षे पूर्ण भरून निघाली नाहीत. ती चूक आमचीही होती, म्हणून हा विषय.

वाढीचा हिशोब : बाळ पहिल्या वर्षी सुमारे २५ से.मी. आणि दुसऱ्या वर्षी सुमारे १२ से.मी. वाढते. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत दरवर्षी साधारण ५ ते ६ से.मी. वाढ होते. वर्षभरात ४ से.मी. सुद्धा वाढ झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

आनुवंशिक कारणे : आई-वडिलांच्या उंचीची सरासरी काढा. मुलासाठी त्यात ६.५ से.मी. मिळवा, मुलीसाठी तेवढेच वजा करा. वडील १६५ आणि आई १५२ से.मी. असतील तर मुलाची अपेक्षित उंची १६५ व मुलीची १५२ च्या आसपास येते. असे ठेंगणेपण आजार नव्हे. काही मुले उशिरा वयात येतात व मागाहून उंच होतात. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमकडे लक्ष असावे. यात एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसते. सुमारे अडीच हजार मुलींत एकीला हा दोष असतो.

अकॉन्ड्रोप्लाजिया हा हाडांच्या वाढीचा जन्मजात दोष आहे. बहुतेक वेळा अशा मुलांचे आई-वडील सामान्य उंचीचे असतात, म्हणून दोष कोणाच्याही माथी मारू नये. आपल्या शेजारच्या नागपूरची ज्योती आमगे हिची उंची ६२.८ से.मी. आहे. डिसेंबर २०११ मध्ये, अठराव्या वाढदिवशी, गिनीज बुकाने तिला जगातील सर्वात ठेंगणी महिला म्हणून नोंदविले. पुढे तिने अमेरिकन दूरदर्शन मालिकेतही काम केले. उंचीने माणसाची योग्यता ठरत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

हार्मोनची कारणे : मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून वाढीचा हार्मोन निघतो. तो कमी पडला तर चेहरा वयापेक्षा लहान दिसतो आणि वाढ मंदावते. याची इंजेक्शने मिळतात, पण ती महाग असतात व वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. थायरॉइडची गोळी मात्र स्वस्त आहे. कोणताही उपचार हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा बंद होण्यापूर्वीच लागू पडतो. नंतर काहीच होत नाही. जाहिरातीतील उंची वाढविणाऱ्या पावडरींवर पैसा घालवू नये.

कुपोषण, जंत, सिकल सेल यांनीही वाढ खुंटते. म्हणून कारण डॉक्टरांनीच ठरवावे. पांढुर्णा-सौंसर भागातील पालकांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलांना अवश्य पाठवावे.

आम्ही आता जुलै आणि जानेवारीत प्रत्येक मुलाची उंची मोजून प्रगतिपत्रकावर लिहिणार आहोत. विश्वस्त मंडळाने प्रत्येक वर्गात भिंतीवर मोजपट्टी लावून द्यावी, ही विनंती. पालकांनी फक्त मागच्या आकड्याशी ताळा करून पाहावा. आणि विद्यार्थ्यांनो, रांगेत पुढे उभ्या असलेल्या सोबत्याला त्याच्या नावानेच हाक मारा.